एलमच्या घरातला दोर

६ सप्टेंबर १९९४, मंगळवार

त्या बाईंनी मुद्दाम चुकवलं. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं!

एलम खिडकीबाहेर घोडीकडे बघत होता. तेवढ्यात हॅलोरनबाईंनी त्याच्यासमोरचा कातड्याचा तुकडा उचलला, दोन टाके स्वतः घातले — एकात कातडी वादीला पीळ, दुसरा मागून आडवा ओढलेला — आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्याने तुकडा परत ठेवला. ‘यात काही चुकलंय का बघा, मिस्टर एश.’ एलमने उलटसुलट करून पाहिलं. ‘नाही. छान आहे.’ बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं.

अठ्ठावीस वर्षं मी घोड्यांचा साज शिवतो आहे; आमच्या जुन्या वळणाच्या ख्रिस्ती मंडळीत मोटार नाही, घोडा आणि बग्गीच. तो पीळ मला खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसला. बोललो मात्र नाही. बोलायला हवं होतं का?

एलम माझा थोरला भाऊ. फेब्रुवारीत गोठ्याच्या माळ्यावर गवत ढकलताना भोकातून खाली पडला, डोक्यावर. सात आठवडे हॉस्पिटलात होता. चालतो, जेवतो, गाय पिळतो, हसतो. पण पहिल्यासारखा नाही. हॅलोरनबाई हॉस्पिटलच्या. माणसाला रोजचं काम कितपत झेपेल हे पाहणं त्यांचं काम. पेटीतून कातड्याचा तुकडा काढतात. कडेने भोकं पाडलेली, हलकं कातडं, मुलांच्या पाकिटाला लावतात तसलं. पहिला साधा धावदोरा. एलमने घातला. दुसरा काठावरून गुंडाळत जाणारा. तोही घातला. तिसरा मागच्या फासातून वादी काढून आवळायचा. तिथे अडकला. तीनदा उसवलं, तीनदा तेच. मग हसून म्हणाला, ‘हे बेनला द्या. त्याचं पोट यावरच आहे.’

बाईंनी लिहिलेला आकडा मी वाचला. चार पूर्णांक दोन. माझ्या थोरल्या भावाला आकडा!

७ सप्टेंबर

आमच्या मंडळीचा प्रमुख, बिशप गिडियन, दुकानात आला. लगाम दुरुस्तीचं निमित्त. लगामाला काही झालेलं नव्हतं.

‘एलम रस्त्यावर बग्गी हाकतो. मंडळीत बोलणं चाललंय. रस्ता काही आपल्या एकट्यांचा नाही, बेन.’

‘सलोमा बरोबर असते.’

‘असते ना. पण लगाम कोणाच्या हातात? तू डीकन आहेस, मंडळीत कोणाचं काय चुकतंय ते पाहणं तुझं काम. भाऊही आहेस. दोन्ही डोळे उघडे ठेवून बघ. समेटाच्या रविवारी मला सांग — त्या दोघांनी त्या घरात राहावं की नाही.’

समेटाचा रविवार ९ ऑक्टोबरला. त्यानंतर दोन आठवड्यांनी प्रभुभोजन. तोवर मंडळीत कोणाच्या मनात कोणाबद्दल काही उरायला नको.

मी ‘नाही’ म्हटलं तर घर-जमीन आमच्या दुसऱ्या भावाच्या मुलाकडे जाईल आणि ती दोघं माझ्या घराला लागून असलेल्या दोन खोल्यांत येतील. त्यांना मूलबाळ नाही. मालिंडाने तिथले पडदे धुवूनही टाकले. माझी बायको घाई करत नाही कधी, या वेळी केली.

सलोमाला सहज विचारून पाहिलं. माझी ही भावजय तोंडाची तिखट. आज तिखट नव्हती. म्हणाली, ‘इथून हलवलंत तर मी संपले असं समज. एलम नाही. मी.’

मी! हे विचित्र वाटलं. लिहून ठेवतो.

१० सप्टेंबर

दुपारी एलमकडे. गल्लीत माझी बग्गी वळली की लोक हवामानावर बोलायला लागतात, हे डीकन झाल्यापासूनच्या सहा वर्षांत अंगवळणी पडलंय. सलोमा मात्र पायरीवरूनच — ‘डीकन आले का? टोपी काढू की पाप काढू?’

हसलो. पण डोळे उघडे ठेवले.

ते घर मी असं न्याहाळून कधी पाहिलंच नव्हतं. प्रत्येक वस्तू जणू खिळ्याने ठोकलेली. चार खुर्च्या, चारही टेबलाला अगदी चिकटून. ओट्यावर मीठ, मग पीठ, मग काकवी, प्रत्येक बरणीच्या गळ्यात वेगळी गाठ. एलमचे कपडे खुर्चीवर ज्या क्रमाने घालायचे त्याच क्रमाने. मी माझी टोपी टेबलावर ठेवली तर एलमने उचलून खुंटीला लावली. पुन्हा ठेवली. त्याने पुन्हा लावली. सलोमा म्हणाली, ‘या घरात टोपीला एकच जागा आहे, बेन.’

ओसरीच्या खांबापासून पंपापर्यंत आणि पंपापासून गोठ्यापर्यंत दोर बांधलेला. कमरेइतक्या उंचीवर, ताणून. पूर्वी होता का? आठवत नाही.

‘हा कशाला?’

‘बर्फासाठी. वादळात वाट दिसत नाही.’

सप्टेंबरात बर्फ!

उघड आहे. एलम गोठ्याची वाट विसरतो. सगळं घर तिने त्याच्याभोवती असं बांधलंय की बाहेरच्याला तो शहाणा दिसावा. कुबड्या लपवून माणूस चालता दाखवायचा. हे प्रेम असेल. पण खरं नाही.

११ सप्टेंबर, रविवार

उपासना आमच्यात पाळीपाळीने घरोघर होते; आज झूक कुटुंबाच्या गोठ्यात. एलम-सलोमा सव्वाआठला आली. मी मुद्दाम वळणावर थांबलो होतो. (उपासनेला जाताना पाळत ठेवणारा डीकन! लिहितानाही लाज वाटते.)

लगाम एलमच्या हातात. दोघं सारखी बोलत होती. तो — ‘पांढरी गाडी. मागून.’ ती — ‘जाऊ दे तिला. कडेला घे.’ तो — ‘पाटी आली.’ ती — ‘थांब. मोज पाच.’

मग तो हाकतोच कुठे? तीच हाकते, त्याच्या हातांनी.

बायकांच्या रांगेत ती मालिंडाच्या शालीचं टोक धरून उभी. एवढी लाडीगोडी पूर्वी नव्हती. मालिंडाला आपल्या बाजूने वळवते आहे, दुसरं काय.

प्रवचन चांगलं झालं असं सगळे म्हणाले. माझ्या कानापर्यंत आलं नाही.

१४ सप्टेंबर

मालिंडा गोधडीच्या बैठकीहून आली. सलोमा सलग तिसऱ्यांदा गैरहजर. ‘फुरसत नाही म्हणते. बेन, आपल्यात सगळ्यांत बारीक टाका तिचा!’ मला कारण माहीत आहे. एलमला एकटं सोडलं तर उघडं पडेल.

चिठ्ठी निघून मी डीकन झालो तो दिवस आज उगीच आठवला. सहाजण बाकावर, प्रत्येकापुढे गीतांचं एक पुस्तक, एकातच चिठ्ठी. मी सर्वांत जाडं पुस्तक टाळून कडेचं घेतलं होतं, सुटावं म्हणून. त्याच दिवसापासून लोकांच्या घरांत डोकावणं हे माझं काम झालं. आठवीपर्यंत गावच्या एका खोलीच्या शाळेत शिकलेला माणूस मी. दुसऱ्याचं मन वाचायला मला कोणी शिकवलं नाही. संशय माझ्या पदाचा की माझ्याच स्वभावाचा? प्रार्थनेत विचारलं.

२० सप्टेंबर, मंगळवार

हॅलोरनबाई पुन्हा आल्या. या वेळी मी सरळ विचारलं. ‘मागच्या खेपेला तुम्ही टाके मुद्दाम बिघडवलेत. मी पाहिलं.’

वाटलं, गोऱ्यामोऱ्या होतील. त्या हसल्या! ‘तुम्हाला दिसलं? एवढ्या लांबून? मग तुमची परीक्षा घ्यायची गरज नाही.’

म्हणाल्या, टाके बिघडवणं हाच परीक्षेचा भाग. चूक समोर आली तर ती माणसाला खटकते का, खटकली तर ती सोडवता येते का, हे पाहायचं असतं. कातडं नुसतं निमित्त. समजेच्या सहा पातळ्या धरतात. पहिलीत माणूस फक्त कूस बदलतो, घोट गिळतो. तिसरीत हात चालतात, पण कशासाठी ते हातांना ठाऊक नसतं. सहावीत माणूस हात न लावता पुढचं मनात जुळवतो. ‘तुमचा भाऊ चौथीत आहे. जे डोळ्यांसमोर आहे ते तो नीट करतो. जे झाकलेलं आहे — कपाटात, भिंतीआड, उद्यात — ते त्याच्यासाठी नाहीच.’

‘आणि ते परत कधी येणार?’

‘थोडं येईल. कदाचित येणारही नाही. मी त्याला बदलायला येत नाही, मिस्टर एश. भोवतालचं बदलायला येते. लागेल ते दिसेल असं ठेवा, नको ते दूर करा. आकडा त्यासाठी असतो.’ मग घरभर नजर फिरवून म्हणाल्या, ‘पण इथे मला करायला काही ठेवलेलंच नाही! इतकं चांगलं मांडलेलं घर मी पाहिलं नाही. कोणी शिकवलं?’

‘गरजेने,’ सलोमा म्हणाली.

बाईंनी तिला सुई-वादी दिली, ‘जरा ओवून द्या’ म्हणून. तिने हातात घेऊन लगेच एलमकडे सरकवली. ‘तो ओवेल.’ ओवली त्याने. नवरा किती हुशार ते दाखवायची एक संधी ती सोडत नाही.

शेवटी बाईंनी विचारलं, ‘बग्गी कोण हाकतं?’

‘एलम,’ सलोमा. ‘मी शेजारी असते.’

‘चौथ्या पातळीच्या माणसाने रस्त्यावर हाकू नये.’

‘मी शेजारी असते,’ ती पुन्हा. आवाज चढला नाही. मान मात्र बाईंकडे नव्हती, चुलीकडे होती. खोटं बोलणारा माणूस डोळ्याला डोळा देत नाही.

एलम हे सगळं ऐकत होता. म्हणाला, ‘घोडी चांगली आहे आमची.’

२२ सप्टेंबर

ते वाक्य डोक्यातून जात नाही. घोडी चांगली आहे!

क्वीनी तिथे अकरा वर्षं आहे. गिरणी, दुकान, मंडळीतलं प्रत्येक घर तिला पाठ. ती हाकते, सलोमा बोलते, आणि लगाम एलमच्या हातात दिसतो. खरं काय ते कळायचं तर एकच मार्ग. घोडा बदलायचा. आणि सलोमाला घरी ठेवायचं.

मालिंडाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने काय म्हटलं असतं ते मला माहीत आहे, म्हणूनच सांगितलं नाही.

२४ सप्टेंबर, शनिवार

आजचं लिहूच नये असं वाटतंय. तरी क्रमाने लिहितो.

माझा तरणा घोडा रेंजर माझ्या बग्गीमागे बांधून एलमकडे गेलो. येताना त्याची दोरी तुटली, तसाच धरून नेला. म्हटलं, क्वीनीचा मागचा नाल हलतोय, नालबंदाकडे नेतो, तोवर रेंजर जुंप. नाल खरंच हलत होता. पण मी त्यासाठी गेलो नव्हतो, तेव्हा खोटंच बोललो. क्वीनीला न्यायला दोरी हवी, म्हणून ओसरीचा तो दोर सोडला. हाताशी होता. उद्या आणून देऊ.

‘एलम, गिरणीवर जाऊन कोंबड्यांच्या दाण्याचं पोतं आणतोस? मी मागून आहेच.’

सलोमाने बॉनेट डोक्याला बांधलं, बाहेर जाताना बायका बांधतात ते. ‘मी येते.’

‘आज नको. भाऊ भाऊ जाऊ.’

‘मी नसले तर तो जात नाही, बेन.’

‘जाईल. तू दुधाचं बघ.’

ती खांबाला हात लावून उभी राहिली. काही बोलायची होती. मी लगाम झटकला.

पाटीशी एलम थांबला. छान थांबला. समोरची गाडी जाऊ दिली. मला वाटलं, चुकलो मी, भाऊ माझा ठीक आहे. मग मक्याचा कोपरा आला. कापणी व्हायची आहे, मका डोक्यावर गेलाय, आडवा रस्ता दिसतच नाही. तिथे आमच्यातलं शेंबडं पोरही घोडा आवरतं, कान देतं. एलमने आवरला नाही. मका होता, रस्ता नव्हता, मग गाडी कुठून असणार! दुधाचा टँकर. ब्रेकचा तो आवाज! रेंजर बाजूला उडाला, चाक खड्ड्यात जाऊन वर आलं. एका हाताचं अंतर. ड्रायव्हर उतरून नको नको ते बोलला. बोलू दे. मी खाली उतरून एलमकडे धावलो.

एलम बग्गीतच शांत. ‘अरे, हा कुठून आला?’

त्याला थांबवायला मी पोचतोय तोवर रेंजर चालू लागला. गिरणीला डावीकडे वळायचं. तो सरळ गेला — आपल्या घरी, माझ्या. एलमने वळवला नाही. अंगणात बग्गी लावली, टोपी खुंटीला अडकवली, माझ्या टेबलाशी बसला. मी आत गेलो तेव्हा मालिंडा त्याला काकवीचा केक वाढत होती.

‘काय बेन, तू इकडे कसा?’ तो म्हणाला.

मी खरा ठरलो. खरा ठरायला आज मी माझ्या भावाला मारणार होतो.

मालिंडाने सगळं ऐकून घेतलं. एकच बोलली, ‘आणि तिकडे ती एकटी आहे.’

पाच वाजता मी आणि एलम परत गेलो. सलोमा घरात नाही, गोठ्यात नाही. घरापासून तीस पावलांवर कुरणात बसली होती, एका पायात बूट नाही, बादली उलटी, दूध सांडलेलं. आमच्या चाकांचा आवाज आला तरी तोंड ओढ्याकडेच.

‘चक्कर आली,’ म्हणाली. मग — ‘दोर कुठं नेलास?’

‘दोराचं काय घेऊन बसलीस! एलम मरता मरता वाचला आज.’

ती पांढरी पडली. ‘त्याला एकट्याला पाठवलंस.’ विचारलं नाही, म्हणाली.

एलमने बूट शोधला, तिच्या पायात घातला, बंद बांधला. तिचा हात आपल्या हातात घालून चालू लागला. ‘आता तीन पायऱ्या,’ मोठ्याने म्हणाला. शाळेतल्या पोरासारखा अजून पायऱ्या मोजतो!

२५ सप्टेंबर

उपासनेला ती दोघं आली नाहीत. परतताना दोर घेऊन गेलो. सलोमाने दार उघडलं, दोर घेतला, दार लावलं.

२९ सप्टेंबर

दुकानात काम खूप, मन नाही. एक पट्टा दोनदा कापला. गिडियनला काय सांगायचं ते आता पक्कं आहे. त्यांनी इथे यायला हवं. मालिंडा म्हणते, ‘आधी त्यांना सांग. मग मंडळीला.’ तिचं बरोबर आहे. पुढे ढकलतोय.

४ ऑक्टोबर, मंगळवार

हॅलोरनबाई दुकानात आल्या. टँकरचं मी सांगितलं, घोडा मुद्दाम बदलल्याचंही. मग म्हणाल्या, ‘माणसाची पातळी त्याचा आधार काढून घेऊन मोजत नाहीत, मिस्टर एश. निदान रस्त्यावर नाही.’

‘पण आधार काढल्याशिवाय खरं कसं कळणार?’

‘आधार आहे, हे खरं नाही का?’

मी हातातला पट्टा शिवायला घेतला. वाटलं — ही बाई सलोमाच्या बाजूची.

८ ऑक्टोबर, शनिवार

त्यांना सांगायला गेलो. सलोमा ओट्याशी बटाटे सोलत होती. मी दारातच उभा राहून सुरुवात केली. एलम मधेच म्हणाला, ‘बेन, तिथून बाजूला हो. तिची जायची वाट आहे ती. आपटेल. तिला दिसत नाही ना.’

बाहेर वारा आहे म्हणावं, तसं म्हणाला. सलोमाचा चाकू थांबला.

‘किती दिवस?’ मी विचारलं.

‘या थंडीत दोन वर्षं होतील. नजर हळूहळू गेली, आता नुसता उजेड-अंधार कळतो. दोर, बरण्यांच्या गाठी, खुर्च्यांच्या जागा, सगळं एलमचं. पडण्याच्या वर्षभर आधीचं. हॉस्पिटलातून आला तेव्हा पुष्कळ काही विसरला होता. घर कसं लावायचं ते नाही विसरला. रस्त्यावर तो दिसेल ते सांगतो, मी काय करायचं ते सांगते. तुमच्या खोल्यांत मी आंधळी, बेन. इथे नाही.’

महिनाभर मी या वहीत उलटं लिहीत आलो. बाई जे घर पाहून थक्क झाल्या, ते त्याने तिच्यासाठी मांडलेलं होतं. आणि मी तिला वाटेवरून उठवून कुरणात बसवलं.

बग्गी आता जुंपायची नाही, रविवारी मी न्यायला येईन, एवढं मात्र सांगितलं. ‘बरं,’ म्हणाली. तिचं मंडळीत सांगू का, विचारलं. ‘सांग. लपवून लपवून दमले.’

उद्या गिडियनला सांगेन, घर हलणार नाही. पण त्याआधी मी मंडळीसमोर गुडघे टेकेन. आजवर तिथे दुसऱ्यांना आणून उभं करत आलो. उद्या माझा अपराध मीच सांगेन.